दोन मिलिमीटरचा गोल

पडद्यावर तो गोल थाळीएवढा झाला होता. कल्याणने माउसचं चाक आणखी पुढे ढकललं तसा तो पडद्यात मावेना, नुसती एक पिवळी कड उरली – आणि ती कड तरी कशी, कुठे खरड नाही, कुठे दातरा नाही, कंपासाने काढावी तशी. व्हेक्टर फाइलीचं हेच तर असतं, कितीही मोठी करा, चित्र फाटत नाही. मग त्याने चाक उलटं फिरवलं. गोल आकसत गेला, आकसत गेला... आणि खिशावर शिवायच्या मापाला, दीड इंचाला, चित्र येऊन थांबलं तेव्हा त्यातला तो गोल मोहरीएवढा राहिला होता. दोन मिलिमीटर. खाली कोपऱ्यात सॉफ्टवेअरने तसा आकडाच दाखवला, त्यामुळे वाद घालायला जागा उरली नाही.

चित्र म्हणाल तर काहीच नव्हतं. वर एक मोठा निळा गोल – ते आईचं डोकं. त्याखालून निघून वळलेली आणि परत वर आलेली एक जाड निळी रेघ – तो तिचा हात. आणि त्या हाताच्या खोबणीत हा छोटा पिवळा गोल. डोळे नाहीत, नाक नाही, केस नाहीत. अंबडला नवं प्रसूतिगृह निघत होतं, गुरुवारी उद्घाटन होतं, तिथल्या बायांच्या साठ अ‍ॅप्रनांच्या खिशावर हे चित्र पाहिजे होतं, आणि तिथलं सगळं बघणाऱ्या प्रभावती मॅडमनी फाइलीमागोमाग आवाजात निरोप धाडला होता: "कल्याणभाऊ, एकदम सिंपल आयकॉन आहे बघा, तुम्हाला काहीच अवघड नाही. आज फक्त सँपलचा फोटो टाका, म्हणजे बराबर वेळेत होऊन जाईल."

सिंपल. ज्यांच्या बोटात मशीनची सुई कधी मोडली नाही त्यांना सगळं जग सिंपल असतं. कल्याण मनातल्या मनात चिडला आणि त्याला बरं वाटलं. चिडायला काहीतरी मिळालं की माणसाला दुसरीकडे बघावं लागत नाही.

तीर्थपुरीच्या बाजाराच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं, म्हणजे पुढे दुकान आणि मागच्या खोलीत संसार. मधोमध मशीन, भिंतीला टेकून कॉम्प्युटर, आणि दाराच्या उजेडात, उंबऱ्याला पाठ लावून, आकांक्षा – त्याची बायको. मशीनवरून उतरलेल्या कपड्यांचे सुटे दोरे ती बारक्या कात्रीने कापायची, पाठीमागचा पेपर फाडून काढायची, घडी घालायची. आजही ती कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजचे दोरे कापत बसली होती. कात्रीचा आवाज थांबत नव्हता. सकाळी काम उघडताना कल्याणने कॉम्प्युटरचा पडदा थोडा भिंतीकडे वळवला होता. उजेड डोळ्यावर येतो म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं, आणि वळवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की त्या बाजूला उजेड कधीच येत नाही.

हे काम घ्यायलाच नको होतं... पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. मॅडमना काय सांगणार? दोन वर्षं होऊन वर चार महिने गेले, आता ते काय कारण झालं? गेल्या दोन वर्षांत त्याने बाळाच्या झबल्यांवर हत्ती शिवले होते, दुपट्यांवर नावं शिवली होती. आकांक्षाने त्यांचेही दोरे कापले होते. त्या वेळी काही झालं नव्हतं. निदान त्याला दिसेल असं काही झालं नव्हतं.

तो कामाला लागला. या कामाला धंद्यात पंचिंग म्हणतात. चित्र घ्यायचं आणि सुईला कळेल अशा टाक्यांत मोडायचं – कुठून सुरू करायचं, कोणत्या दिशेने जायचं, कुठे थांबून दोरा तोडायचा. सुरतेत आठ वर्षं त्याने हेच केलं होतं, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं की चित्र वेगळं आणि कापड वेगळं. चित्राला ओढ नसते. टाका मात्र कापडाला आपल्याकडे ओढतो. आडवे टाके घातले की गोल दोन्ही अंगांनी आवळतो आणि अंड्यासारखा उभट होऊन बसतो. म्हणून त्याला आधीच थोडा फुगवून ठेवायचा. पडद्यावर चुकीचा दिसला पाहिजे, तेव्हा कापडावर बरोबर उतरतो. आईचं डोकं त्याने असं फुगवलं. हाताच्या रेघेखाली विरळ टाक्यांचा थर टाकला, वरच्या टाक्यांची दिशा वळणाबरोबर वळवत नेली. हात असा सुरेख फिरला की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग खोबणीशी आला.

गोल आणि हात यांच्यामध्ये चित्रात एक पांढरी फट होती, केसाएवढी. ती फट काही राहणार नव्हती. दोरा फुगतो, फटी बुजतात. मग हा गोल हातालाच चिकटेल, हाताला आलेल्या गाठीसारखा दिसेल...

आकांक्षाचा सातवा महिना संपत आला होता. जालन्याच्या दवाखान्यात सिस्टरने पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दिलं तेव्हा त्याने हात पुढे केले, आणि त्याला वाटलं होतं त्याहून ते जड लागलं. आत आकांक्षा गुंगीत होती. दादा – कचरू, त्याचे वडील – दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, ते उठले, त्यांनी कपड्याची घडी नीट केली आणि म्हणाले, "हे आईला दाखवायचं नस्तं. अन् जागा तर बिलकुल सांगायची न्हाई. जागा कळली की बाईचा जीव तिथंच घुटमळतो, मंग पुढचं धरत न्हाई." दादा हे इतक्या सवयीने बोलले की कल्याणला विचारावंसं वाटलं, तुम्हाला कसं ठाऊक? पण आपल्या आईचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याने ते विचारलं नाही.

अंबडपर्यंत बस. तिथून घनसावंगीची जीप, नेहमीसारखी कोंबलेली. साडीच्या दुकानाची कापडी पिशवी मी मांडीवर धरली होती, दोन्ही हातांनी. शेजारचा माणूस भला होता. म्हणाला, "पाव्हणं, टपावर टाका की पिशवी, मोकळं बसा." मी म्हणालो, "राहू द्या." तो म्हणाला, "काय हाय एवढं?" मी म्हणालो, "कपडे हायत." दादा खिडकीतून बाहेर बघत होते. खड्डा आला की मी पिशवी उचलून धरायचो, थोडी, म्हणजे हादरा लागू नये...

"चहा ठेवू का?" आकांक्षाने दारातून विचारलं.

"नको आत्ता."

कात्री पुन्हा सुरू झाली. त्याने छोट्या गोलाला टाके दिले – सहा, आठ, दहा – एवढ्याशा जागेत सुईला पुन्हा पुन्हा त्याच भोकात जावं लागणार हे त्याला कळत होतं. तरी दिले. फाइल मशीनला लावली, पांढऱ्या कापडाचा तुकडा पेपरसकट रिंगेत ताणून बसवला आणि बटण दाबलं. डोकं छान भरलं. हात छान वळला. मशीनने रंग बदलला, पिवळी सुई खोबणीत उतरली आणि जागच्या जागी ठोकायला लागली, टकटकटकटक, त्याच ठिकाणी, पुढे नाही मागे नाही. मग दोऱ्याचा गुंता खाली ओढला गेला, कापड आत खेचलं, आणि खाट् आवाज होऊन सुई मोडली.

कात्री थांबली. थोड्या वेळाने परत सुरू झाली.

रिंग सोडवून त्याने तुकडा उजेडात धरला. आईच्या हातात भोक पडलं होतं, कडेला पिवळ्या धाग्याची लव. त्याने तो तुकडा चार घड्या करून पँटच्या खिशात घातला. कचऱ्याच्या डब्यात टाकायला हवा होता, रोजचे तिथेच जातात. खिशात का घातला, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सुरतेचा नियम सोपा होता: जे शिवलं जात नाही ते मोठं करा, नाहीतर काढा. त्याने मोठं करून पाहिलं. गोल हाताबाहेर यायला लागला, आईच्या डोक्याशी बरोबरी करायला लागला. आई कुठली आणि लेकरू कुठलं कळेना. परत लहान केलं. मग त्याने गोलावर एकदा टिचकी मारली, भोवती चौकट आली, आणि बोट डिलीटच्या बटणावर गेलं. सॉफ्टवेअर काही विचारत नाही, खरंच काढू का म्हणून. गोल गेला. हात तसाच वळलेला राहिला, काहीतरी धरल्यासारखा, पण त्यात काही नव्हतं.

दुसरा नमुना निर्मळ निघाला. दोन रंगांऐवजी एकच रंग, वेळही वाचला. त्याने फोटो काढून मॅडमना टाकला आणि मोबाइल उताणा ठेवून त्याकडे बघत बसला. आता त्या विचारतील. प्रसूतिगृहाच्या बाई आहेत, रोज लेकरं बघतात, त्यांना कळणारच, भाऊ, बाळ कुठे गेलं? त्याने उत्तरही जुळवून ठेवलं, साइज, दोरा, टेक्निकल अडचण. उत्तर आलं: एक अंगठा. मागोमाग आवाज: "मस्त झालंय. ओरिजिनलपेक्षा क्लीन दिसतंय. करून टाका जल्दी."

त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याने तो निरोप दुसऱ्यांदा ऐकला. क्लीन. मागल्या मे महिन्यात दादांनीही असंच म्हटलं होतं, रान कसं साफ दिसायलं.

शेतात दोन तुकड्यांच्या मधे जुना बांध होता, त्यावर बोरीचं झुडूप. झुडपाच्या पूर्वेला, सकाळचं ऊन पडतं त्या अंगाला, दादांनी खांदलं होतं आणि मी ठेवलं होतं. वर तीन दगड. तीनच का, तर हाताशी तीन होते. पुढे दीड वर्ष शेतात गेलो की मी त्या बांधावरून चालत नसे, खालून वळसा घालून जात असे, आणि जाताना नजरेच्या कोपऱ्यातून दगड मोजत असे. मग दादांच्या मनात आलं की दोन्ही तुकडे एक करावेत, ठिबकला सोपं जाईल, उसाची एक सरी शेवटपर्यंत जाईल. जेसीबी आला. मी त्या दिवशी मुद्दाम गावी गेलो होतो. उभा होतो. यंत्र बांध खात खात बोरीकडे येत होतं, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की थांबा जरा. एवढंच. ड्रायव्हरला म्हणता आलं असतं, दादांना म्हणता आलं असतं. पण थांबा म्हटलं की का ते सांगावं लागतं, आणि ती गोष्ट मोठ्याने बोलायची नाही असं ठरलेलं होतं, कुणी ठरवलं ते मात्र आठवत नव्हतं... दादांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला. अर्ध्या तासात सगळं रान सपाट झालं. आता तिथे ऊस आहे, डोक्याच्या वर गेलेला, आणि बांध कुठून जात होता ते मला सांगता येत नाही.

आणि तिने कधी विचारलंच नाही. हा त्याचा आधार होता आणि हीच त्याची धास्ती. दवाखान्यातून आल्यावर ती पंधरा दिवस पडून होती. छाती दुखायची तिची, कोबीची पानं बांधायची, भिंतीकडे तोंड करायची. उठली ती थेट दोरे कापायलाच बसली. न विचारणं म्हणजे विसरणं असेल, असं त्याने समजून घेतलं. समजून घेतलं म्हणजे काय, सोयीचं होतं. पण एक दिवस ती विचारणार, आणि आपल्याला सांगता येणार नाही – कारण सांगायचं नाही म्हणून नव्हे, तर सांगायला काही उरलंच नाही म्हणून – ही भीती त्या मे महिन्यापासून त्याच्या जेवणात होती, झोपेत होती.

दुपारपर्यंत अकरा अ‍ॅप्रन उतरले. आकांक्षाने ब्लाउज संपवला, गठ्ठा ओढून घेतला, पहिला अ‍ॅप्रन मांडीवर घेतला. कल्याण मशीनकडे बघत राहिला. बारावा अर्धा झाला होता. कात्रीचा आवाज यायला हवा होता आणि येत नव्हता.

"यात लेकरू न्हाई," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. तिच्या हातात मॅडमनी कपड्यांच्या गाठोड्यात घालून दिलेला कागद होता, छापील, मोठा, आणि त्यावर निळी आई आणि पिवळा गोल होता. त्या कागदाचं त्याला भानच राहिलं नव्हतं. एवढा पडदा वळवून ठेवला होता.

"लई बारीक व्हतं. मशीन घेत न्हाई."

"मॅडमला इचारलं?"

"फोटो टाकला. चालतंय म्हणल्या."

"बघितलं न्हाई त्यांनी."

"बघितलंच असंल की."

"न्हाई बघितलं." ती हे भांडून म्हणाली नाही. मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. मग हात पुढे केला. "पयला तुकडा द्या. सुई मोडली तवाचा."

त्याने खिशातून घडी काढून दिली. तिने ती मांडीवर उलगडली, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, आत घातलं नाही. उठून आत गेली. आता ती रडेल असं त्याला वाटलं आणि आपण उठावं की नाही हे त्याला ठरवता येईना. त्याच्या हातात तर मशीनचं बटण होतं. पण ती हातसुई आणि पिवळ्या दोऱ्याची रिळं घेऊन बाहेर आली आणि होती तिथेच बसली.

"मी हातानं घालते."

"साठ हायत, आकांक्षा."

"मला म्हाईतंय किती हायत."

तिने सुई खालून वर काढली, सुईला दोऱ्याचे दोन वेढे दिले, अंगठ्याने दाबून धरले आणि सुई परत त्याच जागी खाली नेली. गाठ बसली. खोबणीत, थोडी कलती, चित्रातल्यापेक्षा जराशी मोठी. मशीनला जे दहा टाक्यांत जमलं नव्हतं ते एका टाक्यात झालं होतं, आणि कापड कुठे ओढलं गेलं नव्हतं. तिने दोरा कापला, अ‍ॅप्रन बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि मान वर न करता विचारलं, "कुठं ठिवलं तिला?"

मशीन चालू होती. त्याला ऐकू आलं नाही असं दाखवता आलं असतं. पण तिला, असं ती म्हणाली होती. मुलगी होती हे त्याने घरात कुणापाशी उच्चारलं नव्हतं, तिच्यापाशी तर नाहीच. लेकरू म्हणत आले होते सगळे, ते लेकरू, ते झालं ते.

त्याने मशीन बंद केली. "तुला कोण सांगितलं, पोरगी म्हणून?"

"सिस्टरनं. त्याच दिशी सांज्याला." तिने वेढे दिले. "तुमी सांगचाल म्हणून वाट बघून राह्यल्ते मी."

दोन वर्षं चार महिने. तो जिला विसरलेली समजत होता ती वाट बघत बसली होती, चार हातांवर, दारात, रोज.

शेतात विहिरीजवळ लिंब होता. सावलीचा, शांत. लिंबाखाली, असं म्हटलं की झालं; तिला जाऊन बसता येईल, दोन फुलं ठेवता येतील, कुणाचं काय बिघडतं? शब्द तयार होते, जागासुद्धा तयार होती, त्याला ती दिसायला लागली होती – तीन दगड, लिंबाच्या बुंध्याशी. खोटं इतकं बारकाव्याने आपल्याला दिसावं याची त्याला भीती वाटली.

"बांधावर," तो म्हणाला. "बोरीपाशी." आणि मग, थांबलो तर परत कधी बोलणार नाही हे कळून, "तो बांध मोडला मागल्या मे महिन्यात. मी व्हतो तिथं. म्या कायच बोललो न्हाई."

ती ओरडेल, अ‍ॅप्रन फेकेल, दादांना शिव्या देईल, माहेरी जाईन म्हणेल – दोन वर्षं त्याने हे सगळं मनात घडवून ठेवलं होतं आणि प्रत्येकाला उत्तर शोधून ठेवलं होतं. तिने सुई कापडात तशीच ठेवली.

"जेसीबी आल्ता त्या दिशी ना?"

"हां."

"त्या दिशी डबा मीच बांधून दिल्ता. तुमचा, मामांचा, अन् ड्रायव्हरचा." मामा म्हणजे तिचे सासरे, दादा. ती आठवत आठवत बोलत होती, प्रत्येक वस्तू नीट ठेवत. "ठेचा अन् भाकरी. तुमी घरी येऊन सांगितलं, ड्रायव्हरनं लई आवडीनं खाल्लं, परत मागून घेतलं म्हणून. अन् मला बरं वाटलं व्हतं."

कल्याणला ते आठवलं. खरंच त्याने सांगितलं होतं, चप्पल काढता काढता, हसत. काहीतरी सांगायला हवं होतं म्हणून सांगितलं होतं. ती चुलीपाशी होती, तीही हसली होती, बऱ्याच महिन्यांनी.

तो खुर्चीवरून उठला, तिच्यासमोर जमिनीवर बसला, आणि त्याला कळलं की इतकी वर्षं तो जे एकट्याने वाहत होता ते आता अर्धं झालं नाही. तेवढंच्या तेवढं तिच्याही वाट्याला आलं. तरी तो बसून राहिला. तिने पुढचा अ‍ॅप्रन घेतला नाही, त्याला उठा असंही म्हणाली नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दुकानाचं शटर थरथरलं.

"मला घेऊन चला तिथं," ती म्हणाली.

तो हो म्हणाला. लगेच म्हणाला, आणि म्हणताना त्याला जायचंच होतं, हे पहिल्यांदाच. वळसा न घालता, सरळ. तो मनाने विहिरीपासून निघाला, पूर्वेकडे तोंड करून पावलं टाकू लागला, ऊस दोन्ही हातांनी बाजूला सारत, मागे तिच्या पायांचा आवाज. वीस पावलं, तीस. ती मागे थांबेल आणि विचारेल, इथं का? चाळीस. पानं गालाला कापत होती, सगळ्या सऱ्या सारख्या होत्या, आणि कुठल्या पावलावर थांबून हो म्हणायचं, एवढंच त्याला ठरवता येत नव्हतं.